गल्लीतला प्रश्न विचारायचा कुठे?

पुण्याने १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकेसाठी मतदान केले. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. मधली पावणेचार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. अंदाजपत्रक तयार करणारे तेच, त्याला मंजुरी देणारेही तेच. ही वेळ एकट्या पुण्यावर आली नाही. मुंबईपासून नागपूरपर्यंत राज्यातल्या २९ महापालिकांचे मतदान त्याच एका दिवशी झाले, कारण त्या सगळ्याच महापालिका कमीअधिक काळ लोकप्रतिनिधींविना चालल्या होत्या.

या काळात पुण्यातले नळ, गटारे, दिवे आणि कचऱ्याच्या गाड्या बंद पडल्या नाहीत. त्यामुळे ‘नगरसेवक नव्हते तरी काय बिघडले?’ असे म्हणणारे बरेच भेटतात. माझ्या मते बरेच बिघडले. ज्या वस्त्यांचा आवाज आधीच क्षीण होता, तिथे सर्वांत जास्त बिघडले. या लेखात पुण्यातल्या गल्ली-मोहल्ल्यातल्या प्रश्नांचा आढावा घ्यायचा आहे. पाणी, कचरा, पदपथ, ओढे, सोसायट्यांची भांडणे असे विषय एकेक पाहत गेलो की प्रत्येकाच्या शेवटी एकच अडचण उभी राहते: हा प्रश्न मांडायची, त्यावर उत्तर मागायची हक्काची जागा रहिवाशाला नाही.

सुरुवात पाण्यापासून करू. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवणक्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. हे पाणी शहराइतकेच दौंड-इंदापूरच्या शेतीचेही आहे. त्यामुळे महापालिका किती पाणी उचलते यावरून जलसंपदा खात्याशी दरवर्षी वाद होतो. महापालिका ठरलेल्या कोट्याहून जास्त पाणी घेते, अशी तक्रार जलसंपदा विभाग करत आला आहे. मग धानोरी, वडगाव शेरी, धायरी, वाघोलीत टँकर कशाला लागतात? शहरात पाणी येते, पण ते सारखे वाटले जात नाही. पेठांमध्ये आणि जुन्या उपनगरांत दोन वेळा पाणी भरपूर येते. जलवाहिनीच्या टोकावरच्या भागांत ते दिवसाआड किंवा कमी दाबाने येते, आणि काही ठिकाणी वाहिनीच पोचलेली नाही.

हे दुखणे महापालिकेला माहीत नव्हते असे नाही. समान पाणीपुरवठा योजना, जिला लोक ‘चोवीस तास पाणी’ म्हणून ओळखतात, ती याचसाठी आखली गेली. तिच्यासाठी जून २०१७ मध्ये महापालिकेने २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले आणि मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. शहराचे १४१ विभाग करायचे, नव्या टाक्या बांधायच्या, जुन्या वाहिन्या बदलायच्या, मीटर बसवायचे आणि गळती शोधायची, असा आराखडा होता. कल्पना चांगली होती आणि आजही आहे. पण मूळ मुदत केव्हाच उलटून गेली. काम पाहायला मिळाले ते खोदलेल्या रस्त्यांच्या रूपाने. आपला भाग कोणत्या विभागात आहे, तिथली टाकी कधी सुरू होणार, मीटरचे आकडे काय सांगतात, हे सामान्य रहिवाशाला विचारूनही सहज कळत नाही.

बांधकाम परवानगीचा भाग तर याहून गंभीर आहे. ज्या भागात महापालिका पाणी देऊ शकत नाही, तिथेही इमारतींना मंजुरी मिळत गेली. महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असे हमीपत्र बिल्डरकडून घेतले की झाले. सोसायटीची नोंदणी होते, बिल्डर पुढच्या प्रकल्पाकडे वळतो आणि टँकरचे बिल रहिवाशांच्या मासिक देखभाल शुल्कात येऊन बसते. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला मग मिळकतकर, पाणीपट्टी आणि टँकर असे तिन्ही खर्च एकदम सोसावे लागतात. हमीपत्र पाळले जाते की नाही हे कोणी तपासायचे? परवानगी देणारा बांधकाम विभाग वेगळा, पाणीपुरवठा विभाग वेगळा. सोसायटीचे पदाधिकारी या दोन दारांच्या मध्ये हेलपाटे घालत राहतात.

या सगळ्याचे सर्वांत कठोर रूप जानेवारी २०२५ मध्ये समोर आले. सिंहगड रस्त्याच्या परिसरात नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत ‘गुलियन बॅरे सिंड्रोम’ या आजाराचे रुग्ण वाढू लागले. हातापायांतले बळ जाते आणि काही रुग्णांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते, असा हा आजार आहे. पाहता पाहता पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काहींचा मृत्यू झाला. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे वळला. तेव्हा शहराला कळले की या भागातल्या घरांना विहिरीचे पाणी फक्त ब्लीचिंग पावडर टाकून दिले जात होते. उरलेल्या पुण्याला मिळते तसे शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी त्यांच्या वाट्याला आले नव्हते. खडकवासला धरणाच्या भिंतीपासून ही गावे हाकेच्या अंतरावर आहेत.

या गावांची गोष्ट मला या आढाव्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिथे थोडे थांबतो. महापालिकेत १९९७ मध्ये काही गावे आली, ऑक्टोबर २०१७ मध्ये आणखी ११ आली, आणि ३० जून २०२१ रोजी एकदम २३ गावे आली. त्या २३ गावांत नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक आणि वाघोली होती. या समावेशाने पुणे महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेले आणि क्षेत्रफळाच्या बाबतीत तिने मुंबईलाही मागे टाकले. वर्तमानपत्रांत त्याचे कौतुक झाले.

गावांच्या बाजूने मात्र हिशेब वेगळा होता. समावेशाच्या दिवशी ग्रामपंचायत बरखास्त झाली. तिच्याबरोबर सरपंच गेला, ग्रामपंचायतीचे कार्यालय गेले आणि ग्रामसभाही गेली. ग्रामसभेत काय काय चालते हे आपण जाणतो. कधी कोरम भरत नाही, कधी दोन घराण्यांच्या भांडणात सगळा वेळ जातो. तरी विहिरीत पावडर पडली का, हा प्रश्न उभे राहून सरपंचाला सगळ्यांसमोर विचारायचा कायदेशीर हक्क प्रत्येक प्रौढ गावकऱ्याला होता. शहरात आल्यावर तो हक्क संपला. आणि आठ-साडेआठ महिन्यांत महापालिकेचे सभागृहही संपले. म्हणजे या २३ गावांतल्या लोकांनी पंचायत गमावली आणि त्यांना स्वतः मत देऊन निवडलेला पहिला नगरसेवक मिळायला जानेवारी २०२६ उजाडला. मधल्या साडेचार वर्षांत त्यांनी कर भरला, अर्ज केले, मोर्चे काढले. साथ आली ती नेमकी याच काळात. नगरसेवक असता तर साथ टळली असती असा दावा मी करत नाही. पण त्या विहिरीच्या पाण्याबद्दल दर महिन्याला सभागृहात कोणीतरी ओरडले असते, आणि ते इतिवृत्तात नोंदले गेले असते.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांनी वेगळी वाट धरली. २०१७ मध्ये महापालिकेत आलेली ही दोन गावे पुढे महापालिकेतून बाहेर पडली आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. वाढलेला मिळकतकर हे तिथल्या नाराजीचे मोठे कारण होते. कर शहराचा आणि सोयी गावाच्या, ही तक्रार समाविष्ट गावांत आजही ऐकू येते.

याच दोन गावांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसला. शहराचा मिश्र कचरा तिथल्या डेपोत उघड्यावर पडत राहिला, विहिरींचे पाणी नासले, माश्या आणि वास घराघरात शिरला. गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. २०१४ च्या अखेरीस झालेल्या आंदोलनानंतर राज्य सरकारला मध्ये पडावे लागले. त्यानंतर महापालिकेने कचरा ज्या भागात निर्माण होतो त्याच भागात जिरवण्याचे धोरण जोरात पुढे नेले. वॉर्डावॉर्डांत लहान बायोगॅस प्रकल्प उभे राहिले, मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले गेले. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनीही हेच बंधन घातले.

आता प्रकल्प शेजारी आला तर काय होते? बाणेर-सूस रस्त्यावरच्या प्रकल्पाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. परिसरातल्या रहिवाशांनी दुर्गंधीची तक्रार करत हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने २०२० मध्ये प्रकल्प बंद करण्याचा आदेश दिला. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने लवादाचा आदेश रद्द केला, प्रकल्प चालू ठेवायला परवानगी दिली आणि दुर्गंधी कमी करण्याचे उपाय योजायला सांगितले. या वादात मला दोन्ही बाजूंबद्दल सहानुभूती आहे. वास खरा होता. पण शहराचा कचरा कुठेतरी जाणारच, आणि आपल्या खिडकीखाली नको म्हणताना तो फुरसुंगीकरांच्या खिडकीखाली जातो, हेही खरे आहे. असा वाद दिल्लीपर्यंत जाऊन चार वर्षांनी सुटावा, हे शहराला परवडणारे नाही. प्रकल्पाची जागा ठरण्याआधी परिसरातल्या लोकांसमोर आराखडा मांडला असता, वासाचे मोजमाप कोण करणार आणि गाड्या कोणत्या वेळी येणार हे लेखी ठरले असते, तर बरीच कटुता टळली असती.

कचऱ्याच्या बाबतीत पुण्याने देशाला दाखवावे असे एक काम मात्र नक्की केले आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरावेचक महिलांना ओळखपत्र, प्रतिष्ठा आणि संघटना मिळाली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार जाऊन कचरा गोळा करायचा, घरामागे ठरलेले शुल्क घ्यायचे आणि सुका कचरा विकून आलेले पैसे स्वतःकडे ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे. साडेतीन हजारांहून अधिक कष्टकरी त्यात आहेत. कराराचे नूतनीकरण जवळ आले की दरवेळी खासगी ठेकेदाराची चर्चा सुरू होते आणि दरवेळी या बायकांना आपली उपयुक्तता नव्याने सिद्ध करावी लागते. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळ्या कागदात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून देण्याचा साधा नियम सुशिक्षित सोसायट्यांतही पाळला जात नाही. ‘मनपा काय करते?’ असे विचारताना आपल्या घरातली बादली आधी बघायला हवी. हे मी रागाने नाही, आर्जवाने लिहितो आहे. तो कचरा उघड्या हातांनी वेगळा करणारी बाई आपल्याच शहरातली आहे.

पदपथांकडे वळू. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. देशात असे धोरण करणाऱ्या शहरांत पुणे पुढे होते. जंगली महाराज रस्त्याचे रूप त्याच विचारातून पालटले. तिथे म्हातारी माणसे आणि लहान मुले मोकळी चालताना दिसतात. दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. पण प्रभागातल्या आतल्या रस्त्यांवर पदपथ म्हणजे महावितरणचा डीपी, दूरसंचार कंपन्यांची खोकी, राडारोड्याचे ढीग, चढवून लावलेल्या दुचाकी आणि वरून निसटलेले पेव्हिंग ब्लॉक. फेरीवाल्यांवर सगळे खापर फोडणे सोपे असते. त्यांच्यासाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, शहर फेरीवाला समितीची तरतूद आहे, जागा आखून देणे हे महापालिकेचे कर्तव्य आहे. ते नीट न करता अतिक्रमणविरोधी गाडी पाठवली की चार दिवस रस्ता मोकळा दिसतो आणि पाचव्या दिवशी पथारी पुन्हा मांडली जाते.

रस्त्यांचे दुखणे वेगळ्या जातीचे आहे. एकाच रस्त्यावर पाण्याची वाहिनी, ड्रेनेज, वीज, गॅस आणि इंटरनेटची केबल यांसाठी वेगवेगळ्या यंत्रणा वेगवेगळ्या वेळी खोदतात. वाहतूक पोलीस गृहखात्याचे, मेट्रोची कंपनी वेगळी, बस पीएमपीएमएलची. २०१५ मध्ये स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) हद्दीबाहेरचे नियोजन पाहते आणि त्याच्या निर्णयांचा भार हद्दीतल्या रस्त्यांवर येतो. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नागरी संस्थांना देण्यासाठी १८ विषयांची यादी दिली. त्यातले कितीतरी विषय आजही राज्य सरकारच्या महामंडळांकडे आणि प्राधिकरणांकडेच आहेत. खड्डा कोणाचा हे ठरण्यातच पावसाळा संपतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि जबाबदारी यंत्रणांवर टाकली. हा निर्णय मोठा आहे. तो आपल्या माहितीत असायला हवा.

ओढ्यांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तिथे प्रश्न जिवाशी येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीतून घरे आणि माणसे घेऊन गेला. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. ओढ्याचे पात्र अरुंद झाले होते, काही ठिकाणी वळवले गेले होते, सीमाभिंती आणि कल्व्हर्ट पाणी अडवत होते. २५ जुलै २०२४ ला पाळी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीची होती. खडकवासल्यातून मुठेत सोडलेले पाणी सोसायट्यांच्या तळमजल्यांत शिरले आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. विसर्गाची सूचना वेळेत मिळाली की नाही, यावरून दोन यंत्रणांनी एकमेकांकडे बोट दाखवले. निळी पूररेषा नकाशावर आहे, पण घर घेताना ती किती जणांना दाखवली जाते? ओढ्याच्या काठची टांगेवाले कॉलनी आणि नदीकाठची एकतानगरी या दोन वेगळ्या थरांतल्या वस्त्या आहेत. पाण्याने दोघींनाही सारखेच गाठले. या दोन वस्त्यांतल्या लोकांनी एका मांडवाखाली बसून एकच मागणी करण्याची व्यवस्था शहरात नाही.

आवाज, भटकी कुत्री, कबुतरे, पार्किंग हे विषय रोजच्या बोलण्यात सर्वाधिक असतात. त्यांचे नियम बरेचसे स्पष्ट आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची आणि लसीकरणाची जबाबदारी महापालिकेची आहे, आणि त्यांना खायला घालण्याच्या जागा ठरवून द्यायला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले आहे. अडते ते अंमलबजावणीत, आणि शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करायला नाव पुढे करण्याच्या संकोचात.

सोसायटीच्या फाटकाच्या आतला कारभार हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे आणि त्याखाली हजारो गृहनिर्माण संस्था चालतात. गळती, लिफ्ट, पार्किंग, बॅचलर भाडेकरू अशी भांडणे उपनिबंधकापर्यंत जातात. त्यातला एकच मुद्दा इथे घेतो: इमारतीखालची जमीन अजूनही बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असलेल्या सोसायट्या फार आहेत. मानीव अभिहस्तांतरणाची सोय २००८ पासून कायद्यात आहे. पुनर्विकासाची वेळ येईपर्यंत न थांबता ते काम आताच हाती घ्यावे. मिळकतकरात स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्के सवलत काही वर्षे थांबली होती आणि २०२३ मध्ये परत आली, तिच्यासाठी अनेकांना पीटी-३ अर्ज भरावा लागला. रांगा लागल्या, ज्येष्ठांची धावपळ झाली. तरी ती सवलत परत आली, कारण शहरातल्या संघटना त्यासाठी सतत आवाज उठवत राहिल्या.

अशा संघटनांची पुण्याला जुनी परंपरा आहे. सजग नागरिक मंच, नागरिक चेतना मंच, परिसर यांसारख्या संस्थांनी अंदाजपत्रके वाचली, माहिती अधिकाराचे अर्ज केले, बसप्रवाशांचे आणि पादचाऱ्यांचे प्रश्न लावून धरले. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत महापालिकेच्या फाइली नागरिकांना पाहता येत असत. ही पद्धत पुण्यात रुळली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने ती इतर कार्यालयांनाही लागू केली. कोणताही अर्ज न करता, कोणाची ओळख न काढता आपल्या गल्लीतल्या रस्त्याच्या निविदेची फाइल पाहता येत असे. याचा उपयोग करणारे मात्र फार थोडे होते.

आणि इथेच मर्यादाही आहे. माहिती अधिकाराचा अर्ज लिहू शकणारा, इंग्रजी निविदा वाचू शकणारा, सोमवारी दुपारी मोकळा असणारा नागरिक हा बहुधा निवृत्त, शिकलेला, पक्क्या घरात राहणारा असतो. जनता वसाहतीतली घरकाम करणारी बाई त्या वेळी कोणाच्या तरी घरी भांडी घासत असते. तिचा रस्ता नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयातून जातो. चेंबर तुंबले, रेशनकार्ड अडले, मुलाचा शाळाप्रवेश राहिला की ती तिथे जाते. मध्यमवर्ग या कार्यालयांकडे तुच्छतेने बघतो. मला ते पटत नाही. तिच्यासाठी तेच वॉर्ड ऑफिस होते आणि पावणेचार वर्षे त्या कार्यालयाला सभागृहात आवाज नव्हता. पण या वाटेचा दोष असा की हक्काचे काम उपकार होऊन बसते. नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या कामांच्या निधीतून, बाकडी, नामफलक, बादल्या, कापडी पिशव्या यांवर किती पैसा गेला हे पुणेकरांनी पाहिले आहे. त्याच पैशात ड्रेनेजची किती कामे झाली असती!

मग हक्काची जागा कोणती? कायद्याने ती कधीच सांगून ठेवली आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तीन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालये आहेत आणि त्यांच्या पातळीवर या समित्या बसतात. त्यांवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात, पण त्या जागांवर पक्षांचे कार्यकर्ते बसवल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. क्षेत्रीय कार्यालयांत मोहल्ला कमिटीच्या बैठका होतात. काही ठिकाणी त्या खरोखर चांगल्या चालतात, अधिकारी बसतात, मागच्या तक्रारींचे काय झाले ते सांगतात. काही ठिकाणी मात्र दहा माणसे येतात आणि अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसाला पाठवतात. या बैठकीला कायद्याचे पाठबळ नसल्याने ती चांगल्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहते.

पाठबळ आहे ते क्षेत्रसभेला. राज्याने २००९ मध्ये महापालिका कायद्यात दुरुस्ती करून ती आणली. काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, त्यातले सगळे मतदार तिचे सदस्य आणि नगरसेवक अध्यक्ष, अशी तिची रचना आहे. कामांचा अग्रक्रम सुचवणे, पाणी-दिवे-स्वच्छतेतल्या त्रुटी दाखवणे, योजनांचे लाभार्थी सुचवणे ही तिची कामे. ही शहरातली ग्रामसभाच आहे. नांदेड-किरकटवाडीच्या लोकांनी समावेशाच्या दिवशी जे गमावले, ते याच कलमांतून त्यांना परत मिळायला हवे होते. पण या तरतुदीला इतकी वर्षे झाली तरी पुण्यात क्षेत्रसभा नियमित भरल्या नाहीत. कोणत्याही पक्षाला त्यांची घाई नव्हती. सभागृहातले सगळे पक्ष या बाबतीत सारखेच दोषी आहेत.

प्रभागरचनेने हे आणखी अवघड केले. पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. २०२६ मध्येही ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले गेले आणि एक पाच सदस्यांचा प्रभाग सोडला तर बाकी सगळे चार सदस्यांचे आहेत. एका प्रभागात सरासरी ८५ हजार लोक येतात, तेही २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने. आज प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक असणार. चार नगरसेवकांपैकी माझ्या गल्लीचा कोण, हे मतदाराला कळत नाही आणि नगरसेवकाला सांगावे लागत नाही. एका सदस्याचा प्रभाग असावा असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर निदान क्षेत्रे आखून प्रत्येक नगरसेवकाकडे त्यातली काही सोपवावीत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

नव्या नगरसेवकांना एकच विनंती: पहिल्या वर्षात क्षेत्रसभा घ्या. मांडव मोठा नको, हारतुरे नकोत. पाणीपुरवठ्याचा आणि ड्रेनेजचा कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक आणि महावितरणचा एक अधिकारी समोर बसवा, लोकांना बोलू द्या, इतिवृत्त लिहून क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावा. वेळ संध्याकाळची किंवा रविवारची ठेवा, म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईलाही येता येईल. पहिली सभा समाविष्ट गावांत घेतली तर उत्तम.

आणि वाचकहो, तुमच्या चारही नगरसेवकांना हे पत्राने कळवा. सोसायटीच्या लेटरहेडवर लिहा, शेजारच्या वस्तीतल्या मंडळाचीही सही घ्या, क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक विभागात एक प्रत देऊन पोच ठेवा. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत आहे. तिच्यात एका कामासाठी ५ लाख रुपयांपर्यंतचा प्रस्ताव कोणीही रहिवासी देत आला आहे, आणि अर्ज बहुधा ऑगस्टच्या सुमारास मागवले जातात. यंदा तो अर्ज भरा.